ओतावालोचा शनिवार, म्हापशाच्या डोळ्यांनी

हणजूणचा बुधवारचा फ्ली मार्केट बघून कोणी "गोव्याचा बाजार पाहिला" म्हणालं, तर म्हापशातला माणूस त्याला शुक्रवारी सकाळी सातला आपल्याबरोबर घेऊन जाईल. गोणपाट पसरून बसलेल्या बायका, मयंडोळी केळ्यांचे घड, हरमल मिरचीचे ढीग, केरसुण्या, मडकी, चोरिसांच्या माळा दाखवेल आणि मग काय ते बोलेल. दक्षिण अमेरिकेत इक्वेडोरमधल्या ओतावालोला जाणारे बहुतेक प्रवासी हीच चूक करतात. पोंचो आणि शाली मांडलेला एक चौक बघतात, दुपारच्या बसने राजधानी कीटोला परततात आणि अँडीजमधला मूळनिवाशांचा बाजार पाहिला असं समजतात.

ओतावालोत शनिवारी एक नाही, तीन बाजार भरतात. पहाटे गुरांचा, दिवसभर भाजी-धान्याचा आणि चौकात कापडाचा. बघायचे ते याच क्रमाने. क्रम चुकला की पहिला हातचा जातो, दुसऱ्याला वेळ उरत नाही आणि तिसरा एकटा पडल्यामुळे नुसता हणजूण वाटतो.

पण आधी निघण्याचं. गोव्यातून जाणाऱ्याला सगळ्यात जास्त अडवते ती पीतज्वराची (यलो फीवरची) लस, आणि तीही परतताना. ओतावालो समुद्रसपाटीपासून सुमारे २५३० मीटरवर आहे. इतक्या उंचीवर पीतज्वराचा धोका धरत नाहीत, त्यामुळे गावासाठी म्हणून लस लागत नाही. मात्र भारत सरकारच्या यादीत इक्वेडोर हा पीतज्वराचा देश आहे, मग तुम्ही तिथे डोंगरावर होता की ॲमेझॉनच्या जंगलात, हे आपल्या विमानतळावर कोणी विचारत नाही. पिवळं प्रमाणपत्र नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. टोचल्यावर दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं, आणि २०१६ पासून ते जन्मभर चालतं. गोव्यात ही लस मुरगाव बंदराच्या आरोग्य कार्यालयात मिळते. एका कुपीत अनेकांचे डोस असतात, म्हणून कुपी ठरावीक दिवशीच फोडतात. आधी फोन करून वार विचारा आणि तिकिटाच्या तारखेपासून मागे मोजून निदान तीन आठवडे हाताशी ठेवा.

भारतीय पासपोर्टला इक्वेडोरचा व्हिसा आधी काढावा लागतो. पोर्तुगीज पासपोर्टवर ९० दिवस व्हिसाशिवाय राहता येतं. गोव्यात एकाच घरात दोन रंगांचे पासपोर्ट असणं नवं नाही, म्हणून हे वेगळं सांगितलं: नवऱ्याला लागत नाही म्हणून बायकोला लागत नाही असं धरून तिकिटं काढू नका. विमान माद्रिद किंवा ॲमस्टरडॅममार्गे कीटोला जातं. अमेरिकेतून जाणारं तिकीट स्वस्त दिसलं तरी तिथे नुसतं विमान बदलायलाही त्यांचा व्हिसा लागतो, आणि काही युरोपीय विमानतळ भारतीय पासपोर्टवर ट्रान्झिट व्हिसा मागतात. ज्या विमानतळावरून जाणार त्याचा नियम तिकिटाआधी बघायचा.

इक्वेडोरने २००० साली स्वतःचं चलन सुक्रे मोडीत काढलं, एका डॉलरला २५,००० सुक्रे या भावाने, आणि अमेरिकन डॉलर घेतला. त्यामुळे इथून नेलेले डॉलर तिथे थेट चालतात. पण चालतात म्हणजे लहान नोटा चालतात. बाजारात ५० आणि १०० ची नोट कोणी हातात घेत नाही, २० च्या नोटेलाही सकाळी सकाळी तोंड वाकडं होतं, आणि फाटकी, पेनाने लिहिलेली किंवा चिकटपट्टी लावलेली नोट परत येते. पणजीत परकीय चलन घेतानाच १, ५ आणि १० च्या नोटा मागून घ्या. तिथल्या एटीएममधून बहुतेक २० च्या नोटा निघतात, त्या सुपरमार्केटात मोडून घ्यायच्या. सेंतावोची, म्हणजे डॉलरच्या शंभराव्या भागाची, नाणी इक्वेडोरची स्वतःची आहेत आणि ती देशाबाहेर कुठेच चालत नाहीत. शेवटच्या दिवशी ती शोधून शोधून खर्च करा.

कीटो २८५० मीटरवर आहे, म्हणजे ओतावालोपेक्षा उंच. कीटोचा विमानतळ मात्र शहराबाहेर ताबाबेलाला, सुमारे २४०० मीटरवर आहे. समुद्राच्या पातळीवरून येणाऱ्या गोंयकाराने पहिल्या रात्री कीटोत न शिरता विमानतळाजवळ झोपावं किंवा सरळ ओतावालो गाठावं, म्हणजे डोकेदुखी कमी होते. पहिला दिवस हळू चालायचं, पाणी प्यायचं, दारूला हात लावायचा नाही, रात्रीचं जेवण हलकं. हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर निघण्याआधी डॉक्टरांशी बोला. दिवसा स्वेटर काढावासा वाटतो आणि रात्री दोन घोंगड्या पुरत नाहीत. गाव विषुववृत्ताला लागून आहे, त्यामुळे वर्षभर सूर्य सहाच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. हवा थंड असते म्हणून ऊन जाणवत नाही आणि संध्याकाळी कान व मान भाजलेली निघते. टोपी तिथेच घ्यायची आहे, पण सनस्क्रीन इथून न्या.

बस कीटोच्या उत्तरेकडच्या कार्सेलेन स्थानकावरून सुटते. अंतर शंभर किलोमीटरच्या आत, वेळ दोन-अडीच तास, भाडं दोन-तीन डॉलर. 'ट्रान्स ओतावालो' आणि 'लोस लागोस' या दोन कंपन्यांच्या बस गावात स्थानकापर्यंत जातात. इबार्रा किंवा तुल्कानकडे जाणाऱ्या बस मात्र महामार्गावरच उतरवून देतात आणि सामान घेऊन पुढे चालावं लागतं. काउंटरवरचा माणूस "ओतावालो, सी, सी" म्हणतो, ते दोन्ही बसना लागू पडतं. बसमध्ये बॅग वरच्या फळीवर नको, पायाखाली नको, मांडीवर. मागच्या सीटवरून ब्लेडने बॅग कापणं ही तिथली जुनी कला आहे. स्थानकावर कोणी अंगावर सॉस किंवा चिखल उडवून "पुसू का?" म्हणत जवळ आलं, तर थांबायचं नाही. पुसणारा आणि उचलणारा दोन वेगळे असतात.

बस पकडायची शुक्रवारी. शनिवारी सकाळी कीटोहून निघालात तर पोहोचेपर्यंत साडेदहा होतात, आणि तेव्हा गुरांचा बाजार संपून शेण धुणं चालू असतं. शुक्रवारच्या खोल्या लवकर भरतात, त्या आठवडाभर आधी सांगून ठेवा. वाटेत कायांबेला बस थांबली तर बिस्कोचो घ्यायचे: लांबट, खुसखुशीत, तुपकट बिस्किटं, सोबत पापुद्र्यांचं चीज. तिथून दिसणारी प्लास्टिकची छपरं गुलाबांच्या शेतीची आहेत.

आता बाजार.

गुरांचा बाजार उजाडताच भरतो आणि नऊ-दहाला विरतो. सहाला तिथे असायला हवं. तो गावाबाहेर भरतो. नकाशावरची जुनी खूण धरून अंधारात चालत निघू नका, टॅक्सीवाल्याला "फेरिया दे आनिमालेस" सांगा, दीड-दोन डॉलरमध्ये सोडतो. चपला चालत नाहीत. पाऊस असो-नसो, खाली चिखल आणि शेण असतं, बंद बूट हवेत. गाई, बैल, मेंढ्या, डुकरं दोरीला, कोंबड्या टोपलीत आणि 'कुई' म्हणजे गिनीपिग जाळीच्या पोत्यात. कुई पाळीव खेळणं नाही, सणासुदीचं जेवण आहे, तेव्हा "किती गोड" असं तोंड करून त्याला कुरवाळू नका. विकणारी बाई गिऱ्हाईक समजून उभी राहते आणि तिचा वेळ जातो. दोरीच्या पुढे-मागे उभं राहायचं नाही. डुक्कर ओढलं की दोरी पायाला वेढा घालते. इथे बाहेरच्यासाठी काहीही मांडलेलं नसतं, म्हणूनच बघण्यासारखं आहे. तासभर पुरे.

फोटो विचारून. "पुएदो तोमार उना फोतो?" नाही म्हटलं तर कॅमेरा खाली, लांबून झूम करून चोरी नको. आधी काहीतरी विकत घेतलं की होकार सहज मिळतो. म्हापशात मिरचीवालीच्या तोंडासमोर मोबाइल धरणाऱ्याला काय ऐकावं लागतं, ते आठवावं.

भाषेचं एक बरं आहे. गोव्यात ज्यांनी पोर्तुगीज शिकलंय, शाळेत का होईना, त्यांचं स्पॅनिशवर निभावतं. किंमत विचारायला "कुआन्तो कुएस्ता?", आकडे जवळजवळ तेच. फसवे शब्द मात्र आहेत. पोर्तुगीजमध्ये 'इश्किझितु' म्हणजे विचित्र, आणि स्पॅनिशमध्ये 'एक्स्किसितो' म्हणजे अतिशय चविष्ट. जेवण वाढणारी बाई तो शब्द हसत वापरते, घाबरू नका. इथल्या मूळनिवाशांची आपली भाषा किचवा. चार शब्द पाठ करून गेलात तर चेहरे बदलतात: "आल्यी पुंचा" म्हणजे सकाळचा नमस्कार, "माश्ना?" म्हणजे किती, "युपायचानी" म्हणजे आभार. आणि 'यापा'. या शब्दाकडे परत येऊ.

गुरांकडून सरळ खाण्याच्या बाजारात. त्याचं नाव 'बेंतिकुआत्रो दे मायो', २४ मे. १८२२ च्या त्या तारखेला पिचिंचाची लढाई झाली आणि कीटो स्पेनच्या हातून सुटलं. पणजीच्या १८ जून रस्त्यावरून रोज जाणाऱ्याला तारखेचं नाव असलेला बाजार परका वाटू नये.

या बाजारात गोंयकाराला दोन धक्के बसतात. पहिला: अर्धी भाजी ओळखीची आहे आणि ती मूळ तिथलीच किंवा तिच्या शेजारपाजारची आहे. बटाटा अँडीजचा. आपण म्हणतो तो 'बटाटा' शब्द पोर्तुगीजांनी आणला, किचवात तो नुसता 'पापा'. लाल, जांभळे, पिवळे, बोटासारखे, गाठाळ, मातीने माखलेले पापा पोत्या-पोत्यांनी असतात, आणि प्रत्येकाचं काम वेगळं: हा आमटीत विरघळतो, तो तळायला, तो उकडून सालीसकट. मिरची, टोमॅटो, भोपळा, मका हे सगळे त्या खंडातून गलबतांवरून निघालेले. (पेरू या फळाचा मात्र शेजारच्या पेरू देशाशी संबंध नाही, तो पोर्तुगीज 'पेरा'वरून आला. स्पॅनिशमध्ये त्याला 'गुआयाबा' म्हणतात. "पेरू द्या" म्हणून काही हाती लागणार नाही.) दुसरा धक्का: मिरचीच्या माहेरी जेवण तिखट नसतं. तिखट वेगळ्या वाटीत येतं, त्याला 'आही' म्हणतात. बहुतेक वेळा झाडटोमॅटो, कांदा, कोथिंबीर घालून वाटलेलं पातळसर. हवं तेवढं आपल्या हाताने घ्यायचं.

माप सांभाळा. तिथलं 'किंताल' म्हणजे १०० पौंड, साधारण ४५ किलो. आपला क्विंटल शंभर किलोचा, तेव्हा भावाची तुलना करताना आकडा दुपटीहून जास्त चुकतो. किरकोळ विक्री 'लिब्रा'वर, म्हणजे साडेचारशे ग्रॅम. 'आरोबा' म्हणजे २५ लिब्रा. पण फळं, लिंबं, मिरच्या बहुतेक वाट्यावर असतात. हा ढीग एक डॉलर, तो ढीग एक डॉलर. वाट्यावर विकत घ्यायला गोव्यात कोणाला शिकवावं लागत नाही. म्हापसा या नावातच 'माप' आहे असं सांगतात.

आणि यापा. वजन झालं, पैसे दिले, की वर टाकलेली मूठ म्हणजे यापा. दोन बटाटे, चार शेंगा, एक संत्रं. मागायची रीत: पैसे देऊन झाल्यावर, हसून, "इ ला यापा?" पैसे देण्याआधी मागितली तर ती सवलत होते, आणि सवलतीला नाही म्हणता येतं. शब्द केचुआ कुळातला, म्हणजे किचवाच्याच घराण्यातला आहे, स्पॅनिशमधून उत्तरेकडे थेट अमेरिकेतल्या लुइझियानापर्यंत जाऊन पोहोचला. धान्य, भाजी, फळं, भाजलेला मका यांवर यापा मिळते. शाल किंवा टोपीवर मागायची नसते, तिथे घासाघीस वेगळी. विकणारी तुम्हाला "वेसी" म्हणून हाक मारेल, म्हणजे शेजारीण किंवा शेजारी, किंवा "कासेरिता", म्हणजे नेहमीचं गिऱ्हाईक. पहिल्यांदाच बघत असली तरी. आपल्याकडची "घे गो बाय" हीच.

खायचं काय. यापिंगाचो: उकडलेल्या बटाट्याच्या चीज भरलेल्या टिक्क्या, तव्यावर परतलेल्या, वर शेंगदाण्याचा सॉस. मोते: सोललेला, फुगवून शिजवलेला पांढरा मका. सालं सुटावीत म्हणून तो राखेच्या किंवा चुन्याच्या पाण्यात उकळतात, मग खूप पाण्याने धुतात. चोचो: पांढरा, चपटा कडधान्याचा दाणा, भाजलेल्या मक्याबरोबर, लिंबू, कांदा, टोमॅटो घालून. कच्चा चोचो कडू आणि विषारी असतो, म्हणून तो शिजवून कित्येक दिवस पाणी बदलत भिजत ठेवतात. ते पाणी स्वच्छ नसेल तर पोट जातं, म्हणून झाकलेल्या भांड्यातला आणि गर्दीच्या गाडीवरचा घ्यावा. साल तोंडात काढून थुंकतात, गिळायची नाही. उमिता: ताज्या मक्याचं वाटण मक्याच्याच पानात गुंडाळून वाफवलेलं. हळदीच्या पानातल्या पातोळ्या आठवतील, फक्त गुळाऐवजी चीज. ओर्नादो म्हणजे अख्खं डुक्कर भट्टीत भाजलेलं, डोक्यासकट समोर मांडलेलं. ज्याला चालतं त्याने मोडून दिलेली कुरकुरीत साल मागून घ्यावी.

शाकाहाऱ्यांनी नीट वाचा. "सिन कार्ने" म्हटलं की ते लाल मांस काढतात, कोंबडी राहते. "नी कार्ने, नी पोयो, नी मान्तेका दे चांचो" असं सगळं म्हणायचं. शेवटचं म्हणजे डुकराची चरबी, आणि खरी फसगत तिचीच: भाजलेला मका आणि यापिंगाचो कित्येकदा तिच्यातच परतलेले असतात. सूप बहुतेक मांसाच्या पाण्यावर असतं. बऱ्यापैकी भरवशाचं म्हणजे लोक्रो दे पापा, बटाट्याचं दाट सूप, चीज आणि अवोकाडो घालून, तेही पाणी कशाचं ते विचारून. उकडलेली कणसं, मोते, चीज, केळी, अवोकाडो यांवर दिवस निघतो. फळांच्या रसात बर्फ नको, आणि "सिन आगुआ, कोन लेचे" म्हणजे पाणी नको, दुधात करा.

इथवर साडेदहा-अकरा वाजतात. आता पोंचोंचा चौक, प्लासा दे लोस पोंचोस. तो रोज भरतो, बुधवारी थोडा मोठा, शनिवारी आजूबाजूच्या सगळ्या गल्ल्यांत सांडतो. ही गर्दी बघून "हे सगळं पर्यटकांसाठी" असं म्हणणं सोपं आहे, पण अर्धंच खरं. इंका यायच्या आधीही या भागात दूरवर माल नेणारे व्यापारी होते, त्यांना मिंदालाए म्हणत. स्पॅनिशांनी मेंढ्या आणि पायाचे माग आणले, आणि ओब्राहे नावाच्या कापडखान्यांत याच लोकांना सक्तीने राबवलं. १९१७ च्या सुमारास इथल्या विणकरांनी विलायती ट्वीडची हुबेहूब नक्कल करून कीटोत खपवली. म्हणजे गिऱ्हाईक काय मागतं ते ओळखून विणणं हाच इथला वारसा. आज काही गालिच्यांवर डच चित्रकार एशर यांची एकमेकांत गुंतलेली पाखरं दिसतात, आणि विकणारा ती "पारंपरिक" म्हणून विकतो. तो तसा फार खोटंही बोलत नाही.

विकणाऱ्यांचे कपडे बघा, ते दुकानात टांगलेल्यापेक्षा खरे आहेत. पुरुषांची लांब वेणी, पांढरी विजार, निळा पोंचो, फेल्ट टोपी. बायकांचा पांढरा भरतकामाचा झंपर, अंगाला गुंडाळलेला गडद आनाको, कमरेला चुंबी म्हणजे विणलेला पट्टा, गळ्यात सोनेरी काचमण्यांचे पदर आणि मनगटाला लाल मण्यांचे वेढे. ते मणी पूर्वी पोवळ्याचे असत, आता बहुतेक काचेचे किंवा प्लास्टिकचे.

आता मुख्य फसवणूक. चौकातल्या "अल्पाका" (उंटाच्या कुळातला लोकरी प्राणी) म्हणून विकल्या जाणाऱ्या स्वस्त शाली, स्वेटर आणि ब्लँकेटं बहुतेक ॲक्रिलिकची असतात, यंत्रमागावरची. इक्वेडोरात अल्पाका थोडेच आहेत, जगातले बहुतेक पेरू देशात. ॲक्रिलिक वाईट नाही, पण अल्पाकाचे पैसे देऊन घेऊ नये. ओळखायचं असं. गालाला लावा: अल्पाका आधी थंड लागतो, निसटता, जडसर, अंगावर लोंबतो. ॲक्रिलिक लगेच उबदार लागतं, हलकं, फुललेलं, आणि दोन पदर घासून ओढले की केस उभे राहतात. मेंढीची लोकर किंचित टोचते आणि ओली झाली की वास येतो. खात्री हवी तर मोकळा लोंबता धागा मागून घ्या, दुकानापासून दूर जाऊन काडी लावा. लोकर आणि अल्पाका वळून विझतात, केस जळल्याचा वास येतो, राख चुरगळते. ॲक्रिलिक वितळून काळा कठीण मणी होतो, बोटाने फुटत नाही. "बेबी अल्पाका" म्हणजे पिल्लाची लोकर नव्हे, बारीक धाग्याची प्रत आहे. ती वीस डॉलरला मिळत असेल तर ती नाही.

हातमागाचं कापड उलटून बघावं. कडा कापून शिवलेल्या असतील तर ते यंत्राच्या लांब ताग्यातून कापलंय. हातमागावर आडवा धागा काठाला वळसा घेऊन परत फिरतो, काठ बंद असतो. चुंबी पट्टा कंबरमागावरचा असतो: ताण्याचं, म्हणजे उभ्या धाग्यांचं, एक टोक खांबाला, दुसरं विणणाऱ्याच्या कमरेला, आणि मागे-पुढे झुकून ताण कमी-जास्त करायचा. धागा ठोकायला कठीण लाकडाची पातळ तलवार, तिला काल्वा म्हणतात. अशा पट्ट्याच्या मागच्या बाजूला तीच नक्षी रंग उलटे करून दिसते, आणि टोकाला ताण्याचेच धागे झालर म्हणून सुटतात. नक्षी फक्त वरून असेल आणि मागे सैल धागे लोंबत असतील, तर तो यंत्राचा. खरं विणकाम बघायचं तर चौकात नाही, पेगुचे आणि आगातो या शेजारच्या वाड्यांत. टॅक्सीने काही मिनिटं.

तिथे कोचिनीलचा खेळ दाखवतात. निवडुंगावरचा छोटा कीडा तळहातावर चिरडला की किरमिजी रंग येतो. त्यावर लिंबू पिळलं की केशरी, राख किंवा सोडा घातला की जांभळा. हळदीत चुना घालून कुंकू करणाऱ्यांना जादू वाटणार नाही, आंबट-खाराचा तोच हिशोब. पण त्याचा अर्थ असा की नैसर्गिक रंगाच्या कापडाला लिंबू, व्हिनेगर आणि तीव्र साबण लागू द्यायचा नाही. विकत घेण्याआधी ओला पांढरा रुमाल कापडावर चोळा. रंग रुमालावर आला तर ते घरी बाकीच्या कपड्यांबरोबर धुता येणार नाही.

घासाघीस होते, पण आरडाओरडा नाही. "एन कुआन्तो मे देहा?", कितीला देणार, एवढं पुरतं. सांगितलेल्या किमतीतून पाव हिस्सा कमी होणं रास्त, अर्ध्यावर आणणं उद्धट. एका दुकानातून तीन वस्तू घेतल्या तर भाव खरा उतरतो. पहिली विक्री आणि संध्याकाळची आवराआवर, या दोन वेळा बऱ्या. आपला आकडा बोलून मग न घेता निघून जाणं वाईट दिसतं. म्हापशात भायल्याला वेगळा भाव आणि गावच्याला वेगळा, हे आपल्याला माहीत आहे. इथे भायले आपण. चार ढीग घेऊन जमिनीवर बसलेल्या म्हातारीशी पन्नास सेंतावोसाठी वाद घालणाऱ्याला मात्र घरीच ठेवून यावं.

घ्यायचं काय, हा प्रश्न गोव्यातल्या हवेत वेगळा पडतो. जाड पोंचो म्हापशात कोण घालणार? सुती झुला घ्या, सोप्यावर शोभतो. टोकाच्या कड्यांत धागे समान ताणलेले आहेत का बघा, एक बाजू सैल असली की माणूस तिरका झोपतो. चुंबी पट्टा, टेबलावरची पट्टी, भिंतीवरचं विणकाम चांगलं. तोकिया गवताची टोपी, जगात पनामा नावाने विकली जाते पण मूळ इक्वेडोरची, आणि तिचं विणकाम २०१२ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. तिची वीण उजेडासमोर धरून बघतात: माथ्यावरून कड्यांच्या ओळी जितक्या दाट आणि सारख्या, तितकी चांगली. माथ्याची घडी पडलेल्या जागी हात धरून ती घालू-काढू नये, तिथेच गवत तुटतं. काठाने धरावी. रोंदादोर ही वेताची बासरी स्मरणवस्तू म्हणून टांगलेली असते. वाजवायची असेल तर प्रत्येक नळी फुंकून सूर लागतो का ते तिथेच बघा, स्वस्तातल्या बहुतेक बेसूर असतात. "प्राचीन" मूर्ती आणि भांडी नको. खोटी असतील तर पैसे गेले, आणि खरी असतील तर देशाबाहेर नेणं गुन्हा. रंगीत मका आणि बटाटे बियाण्यासाठी उचलायचा मोह होतो, तोही आवरा. परवान्याशिवाय बी-बियाणं आपल्या विमानतळावर जप्त होतं.

ओतावालो फारच गजबजलेलं वाटत असेल तर लाताकुंगाजवळचं साकिसिली, गुरुवारी. कीटोच्या दक्षिणेकडच्या कितुम्बे स्थानकावरून निघायचं. वेगवेगळ्या चौकांत वेगवेगळा माल, एकात गुरं, एकात धान्य, एकात दोर आणि भांडी, आणि शालींचा कोपरा छोटा. डिचोलीचा बुधवार आणि साखळीचा सोमवार ज्यांना म्हापशापेक्षा बरा वाटतो, त्यांचं मन तिथे जास्त रमेल.

आणलेली लोकर गोव्यात जूनच्या पहिल्या आठवड्याआधी बंद करायची. मे महिन्यात एक दिवस उन्हात, पण नैसर्गिक रंग असेल तर सावलीतल्या वाऱ्यावर, दोन्ही बाजूंनी वाळवा. ब्रशने झाडा, कारण कसरीची अंडी घड्यांत बसतात. कोरड्या सुती कापडात गुंडाळून, सुकवलेला कडुनिंबाचा पाला कापडाच्या बाहेर ठेवून, घट्ट झाकणाच्या डब्यात. नुसत्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधली तर आतली ओल आतच राहते आणि गणपतीला डबा उघडाल तेव्हा बुरशीचे पांढरे ठिपके दिसतील. टोपी टांगू नका, उलटी करून तिच्याच माथ्यावर टेकवून ठेवा.